धारकाने प्रत्यक्ष पाण्यात उतरावे

काटेसाहेबांचं खरं आडनाव वेगळंच आहे, पण ते आता पगारपत्रकाखेरीज कुठेही उरलेलं नाही. एकतीस वर्षं वजन-मापं खात्यात निरीक्षक म्हणून काढल्यावर, आणि बाजारातल्या झाडून साऱ्या तराजूंचे काटे डोळे बारीक करकरून तपासल्यावर, माणसाला दुसरं नाव मिळणार तरी कुठलं? साहेब घरीसुद्धा चहात साखर घालताना चमच्यावरून सुरी आडवी फिरवून चमचा सपाट करून घेत. पाहुण्यांना त्याची गंमत वाटे, बायकोला तीस वर्षांत काहीच वाटेनासं झालं होतं.

तर या बायकोनं एका सकाळी पावाला लोणी लावता लावता सांगितलं, "अहो, मला झऱ्यात उतरायचंय."

"उतर की," साहेब पेपराआडून म्हणाले. "पाय ओले करायला कोण नाही म्हणतंय?"

"पाय नाही. तळापर्यंत."

साहेबांनी पेपर खाली ठेवला. घडीवर घडी घालून, कडा जुळवून ठेवला, पण ठेवला.

आता ही बायको म्हणजे कोण, ते सांगायला हवं. तिला अख्खी इमारत सिस्टर म्हणते. ती तीस वर्षं हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, आणि थिएटरमध्ये ज्या आवाजात ती "कात्री" म्हणते त्याच आवाजात घरी "मीठ" म्हणते. मागल्या वर्षी तिचा गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. साहेबांची काही हरकत नव्हती, कारण गुडघा तिचा होता आणि पाणी तलावातलं. पण त्या तलावाच्या खोल बाजूला, दोरीच्या पलीकडे, पाठीवर हवेची टाकी बांधून माणसं बुड्या मारायची. सिस्टर दोन महिने दोरीच्या अलीकडून बघत राहिली आणि तिसऱ्या महिन्यात पलीकडे गेली. गुडघा कधीच विसरला गेला. आता तिचं सगळं शिक्षण पुरं झालं होतं, फक्त उघड्या पाण्यात वीस मिनिटांची एक बुडी राहिली होती. तेवढी झाली की क्लबचं प्रमाणपत्र.

आणि मेख तिथंच होती. क्लबचा नियम असा, की ही पहिली बुडी वयाची पंचावन्न वर्षं पुरी व्हायच्या आत मारायची. पुढल्या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला सिस्टरला पंचावन्न पुरी होत होती. एकदा राहिलं की मग राहिलंच.

"सांगून टाकते," सिस्टर म्हणाली, "आयुष्यात मी स्वतःसाठी म्हणून हे एवढंच मागितलंय. नेऊन आणायचं काम तुमचं."

साहेबांना पोहता येत नाही, हेही इथंच सांगितलेलं बरं. येत नाही म्हणजे कसं, तर गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तरी त्यांना आपण कलतोय असं वाटतं. पण भीती वाटते असं म्हणतील तर ते साहेब कसले! ते खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "नियोजन माझ्याकडे."

झरा गावापासून दोन तासांच्या अंतरावर. खडकांमधल्या गोल डोहात तळातून पाणी वर येतं आणि वाहत जाऊन पलीकडच्या नदीला मिळतं. डोह पंचवीस हात खोल. नदी खाली असली की डोहाचं पाणी असं नितळ, की तळाचा खडा मोजावा. पण वरच्या अंगाला पाऊस झाला आणि नदी चढली, की तिचं गढूळ पाणी उलटं डोहात शिरतं आणि दोन दिवसांत सगळ्याचा चहा होतो. मग नदी उतरायची वाट बघायची. हे सगळं साहेबांना झऱ्यावरच्या मामांनी फोनवर सांगितलं. मामा म्हणजे तिथले राखणदार. रोज सकाळी सातला ते एक पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडतात, आणि ताटली दिसेनाशी होईपर्यंत किती दोरी गेली ते मोजतात. बारा हातांच्या वर दिसलं तर बुडी मारायला क्लबची परवानगी.

"हात म्हणजे किती?" साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"हात म्हणजे हात. कोपरापासून बोटापर्यंत."

"कोणाच्या?"

"माझ्याच. दुसऱ्याचा कुठून आणू?"

"अहो मामा, हात हे माप कायद्यानं कधीच बाद झालंय."

"तुमच्याकडं झालं असेल. माझा चालू आहे अजून," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

साहेबांनी त्याच दुपारी खात्याची मोहोर असलेला पोलादी टेप पार्सलनं रवाना केला. आठवड्यानं मामांनी कळवलं, की टेप फार उपयोगी आहे, फाटकाची कडी मोडली होती तिथं मस्त बांधला गेला. साहेब त्या रात्री जेवले नाहीत असं नाही, पण कमी जेवले.

फ्रिजच्या दारावर तक्ता लागला. तारीख, वार, ताटली किती हात, नदी किती, शेरा. क्लबची अट बारा हातांची, पण साहेबांनी तांबड्या शाईत वीसवर रेघ मारली. "सुरक्षिततेसाठी," असं त्यांनी खाली लिहिलं. सिस्टरनं ती रेघ बघितली, साहेबांकडे बघितलं, आणि दूध काढून फ्रिजचं दार लावलं.

तक्ता लागला आणि इमारतीला जणू काम मिळालं. समोरच्या दारातले मास्तर रोज सकाळी सव्वासातला, अंगात सदरा असो नसो, येऊन तक्त्यापुढे उभे राहात. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, निवृत्त स्टेशनमास्तर. जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघितल्यामुळे त्यांना झराही एखाद्या लेट गाडीसारखाच वाटे. "काल चौदा, आज नऊ? मागच्या स्टेशनाला अडकलंय," असं ते गंभीरपणे म्हणत. आणि मग सिस्टरचा धाकटा भाऊ. या मेहुण्याला जगातलं काहीही विचारा, त्याला माहीत असतं, आणि न विचारलं तर जास्त माहीत असतं.

"भाऊजी, एवढं कशाला डोकं लावताय?" मेहुणा म्हणाला. "तुरटी फिरवा."

"कशात?"

"झऱ्यात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की तासात निवळतं. आपण घरी नाही का करत?"

यावर शहाण्या माणसानं हसून सोडून द्यावं. पण साहेबांचा हात कागदाकडे गेला. त्यांनी डोहाचा व्यास मामांना विचारून घेतला, खोली होतीच, घनफळ काढलं, त्याला तुरटीचं प्रमाण लावलं, आणि अर्ध्या तासानं मान वर करून सांगितलं, "साडेतीन ट्रक लागतील."

"मग ट्रकवाला माझ्या ओळखीचा आहे," मेहुणा म्हणाला.

खरी गंमत पुढेच होती. झऱ्यात उतरायला परवाना लागतो, आणि तो मिळतो जलस्रोत कार्यालयाच्या सहा नंबरच्या खिडकीत. साहेब स्वतः सरकारी माणूस, त्यामुळे खिडकीच्या या बाजूला उभं राहण्याचा त्यांना सराव नव्हता. तरी ते अदबीनं वाकले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज न बघताच सांगितलं, "सात दिवस आधी द्यायचा. तारीख घाला."

"तारीख पाण्यावर अवलंबून आहे," साहेब म्हणाले.

"इथं कॅलेंडरवर अवलंबून आहे."

"बाई, पाणी कसं असेल ते दोन दिवस आधीसुद्धा कळत नाही. सात दिवस आधी मी कसं सांगणार?"

"तुम्ही सांगू नका. तारीख घाला."

"आणि त्या दिवशी पाणी गढूळ निघालं तर?"

"तर परवाना गेला. एका हंगामात माणशी एकच. धारक आणि एक सोबती, असे दोघं उतरू शकतात, क्लबचा शिकवणारा यात धरायचा नाही. आणि धारकानं प्रत्यक्ष पाण्यात उतरायचं, नुसतं नावाला नाही. मागं लोकांनी दुसऱ्यांच्या नावावर फार गोंधळ घातलाय." एवढं बोलून बाईंनी पुढच्या माणसाकडे बघितलं, आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांचे परवाने रद्द करणारे साहेब बाजूला सरले. त्या क्षणी त्यांना बाजारातल्या सगळ्या दुकानदारांविषयी पहिल्यांदाच थोडी माया वाटली.

सिस्टरनं स्वतःच्या परवान्यावर दहा तारीख घातली. दहाला ताटली चार हातांवर गायब झाली. परवाना गेला.

तेव्हा साहेबांच्या सुपीक डोक्यातून ती योजना निघाली. सोबती म्हणून सिस्टर कोणाच्याही परवान्यावर उतरू शकते. मग तीन वेगवेगळ्या माणसांच्या नावानं तीन वेगवेगळ्या तारखांचे अर्ज करायचे. तीनांतला एक दिवस तरी पाणी साथ देईल. धारकानं काय, पायरीवर उभं राहून छातीपर्यंत भिजायचं, मामा वहीत नोंद करतील, झालं. एकवीस तारखेला मेहुणा, चोवीसला मास्तर आणि सत्तावीसला मेहुण्याची बायको. अक्षर चांगलं म्हणून अर्ज सिस्टरनं लिहिले. साहेबांनी फक्त प्रत्येक अर्जावर तिकीट सरळ लागलंय की नाही ते पट्टी लावून तपासलं आणि जिथं ती म्हणाली तिथं सह्या केल्या. परवाने आले तेही तिनंच आपल्या पिशवीत ठेवले.

हे असं नुसतं कागदोपत्री राहिलं असतं तर बरं होतं. पण माणसाच्या हातात परवाना पडला की त्याच्या अंगात येतं. मास्तरांनी क्लबातून रबरी पोशाख आणि बदकाच्या पायांसारख्या त्या चपट्या चपला भाड्यानं आणल्या, आणि सरावासाठी त्या घालून जिना चढ-उतर करू लागले. फटाक, फटाक, फटाक. तिसऱ्या मजल्यावरची मांजर दोन दिवस माळ्यावरून खाली आली नाही. मेहुणा बादलीत तोंड घालून श्वास रोखायचा आणि बाहेर काढून "किती झालं?" म्हणून विचारायचा. साहेब स्टॉपवॉच बघून "अकरा सेकंद" म्हणत, आणि मेहुणा म्हणे, "तुमचं घड्याळ पुढं आहे."

एकवीसला सकाळी मामांनी सांगितलं, तेरा हात. साहेबांच्या रेघेला सात कमी, पण सिस्टरनं पिशवी खांद्याला अडकवली होती. "क्लबची अट बारा आहे," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. दोन तासांनी सगळे झऱ्यावर पोचले तर नदी त्यांच्याआधी पोचली होती. ताटली नऊ हातांवर दिसेनाशी झाली. क्लबची कोच वाट बघत होती. पंचविशीची पोरगी, पण गळ्यात शिट्टी असली की तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. तिनं नुसती मान हलवली. मेहुण्याला ते पटलं नाही. "नऊ कुठलं? मला तर तळ दिसतोय," असं म्हणत तो दाखवायला पायरीवर वाकला, आणि त्याचा चष्मा डोहात पडला. मग त्याला काहीच दिसेना. परतीच्या वाटेवर मेहुणा अधूनमधून विचारत होता की आपण कुठवर आलो.

त्या संध्याकाळी सिस्टर बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तिचा कोरडाच राहिलेला पोहण्याचा पोशाखही तिनं वाळत घातला, सवयीनं. मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं तो परत काढून घेतला. साहेबांनी दारातून ते बघितलं आणि त्यांच्या पोटात तुटलं. पण खरं सांगायचं तर त्याच पोटात, त्याच जागी, एक हायसंही वाटलं होतं. नऊ हात ऐकल्याबरोबर वाटलं होतं. या हायसं वाटण्याचं काय करावं हे साहेबांना समजेना, म्हणून ते तक्ता लिहायला गेले.

चोवीस तारीख उजाडली. सात वाजून पाच मिनिटांनी साहेबांनी फोन लावला. सिस्टर आंघोळीला गेली होती.

"मामा, किती?"

"साहेब, आज काय सांगू!" मामांचा आवाज हसरा होता. "तेवीस हात. ताटली तळाला टेकायला आली तरी चमकतेय. असं पाणी वर्षातनं दोनदा. या लवकर."

साहेबांनी फोन ठेवला. तेवीस. त्यांच्या तांबड्या रेघेच्याही वर तीन. आता कसलीच सबब नव्हती. आज सिस्टर पाठीवर टाकी बांधणार, डोक्यावरून पाणी घेणार, पंचवीस हातांच्या डोहात खाली खाली जाणार, आणि आपण काठावर उभं राहून बघणार. तेवढ्यात सिस्टर केस पुसत आली. "किती?"

"अकरा," साहेब म्हणाले.

बोलून गेले आणि मग त्यांनाच ऐकू आलं. सिस्टरचा टॉवेल क्षणभर थांबला. "बरं," ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली. साहेबांनी तक्त्यावर अकरा लिहिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत लिहिलेला पहिला खोटा आकडा. तो एवढा थरथरता आला की मास्तर येऊन विचारते झाले, हे अकरा आहे की सतरा?

मास्तरांचं तर निराळंच रामायण झालं. ते पहाटेपासून रबरी पोशाख चढवून जिन्यात तयार उभे होते. आज जाणं नाही म्हटल्यावर ते पोशाख काढायला गेले आणि पाठीची चेन अडकली. मेहुण्यानं ओढली, तर ती आणखी अडकली. साबण लावला, तेल लावलं, इस्त्रीवाला आला आणि आपलं काही काम नाही म्हणून परत गेला. आणि नेमकी त्याच दिवशी पेन्शनसाठी बँकेत जाऊन आपण हयात आहोत असं दाखवायची शेवटची तारीख. शेवटी मास्तर त्या काळ्या कुळकुळीत रबरात, पायांत चपट्या चपला, डोक्यावर टोपी, असे बँकेच्या रांगेत उभे राहिले. अधिकाऱ्यानं फोटो बघितला, मास्तरांकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला. "तुम्ही तेच कशावरून?" "मी कोणीही असेन," मास्तर ओरडले, "पण हयात आहे की नाही?" अधिकाऱ्याला ते नाकारता येईना. सगळी इमारत त्या दिवशी हसून हसून लोळली. सिस्टरसुद्धा डोळे पुसत हसली. हसले नाहीत ते फक्त काटेसाहेब.

कारण कमी माप देणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत! दुसऱ्या दिवशी बाजारात एका दुकानदाराच्या वजनात वीस ग्रॅमची खोट निघाली. साहेबांनी पावतीपुस्तक काढलं, पेन उघडलं, आणि पेन काही चालेना. शाई होती, हातच चालेना. दुकानदार भीत भीत म्हणाला, "साहेब, चुकून झालं असेल." "चुकून होत नाही," साहेब म्हणाले, "माणूस करतो," आणि पुस्तक मिटून चालू लागले. दुकानदार दिवसभर चिंतेत होता. दंड झाला असता तर त्याला एवढा घोर लागला नसता.

सत्तावीस तारीख. शेवटचा दिवस. साहेब फोनकडे गेले, तर सिस्टर आधीच रिसीव्हर कानाला लावून उभी होती. "एकोणीस," तिनं सांगितलं. "निघू या."

"एक हात कमी आहे," साहेब पुटपुटले. पण ते अगदीच क्षीण होतं, आणि कोणी ऐकलंही नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुझ्या भावजयीला घ्यायला जायचंय ना वाटेत?"

"ती येत नाहीये." सिस्टरनं पिशवीतून परवाना काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी धारकाच्या नावावर बोट ठेवून वाचलं. नाव त्यांचंच होतं. खाली सही त्यांचीच होती. ऑफिसच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीचा कागदही व्यवस्थित टाचलेला होता. आणि वर, सरळ, पट्टी लावून तपासलेलं तिकीट.

"हे... हे कसं..."

"तिथं सही करा म्हटलं, तुम्ही केलीत," सिस्टर म्हणाली. "आंघोळीचे कपडे घेतलेत मी तुमचे."

वाटेत साहेबांनी परवाना सात वेळा वाचला. त्यात कुठे पळवाट असती तर ती त्यांनाच सापडली असती. नव्हती.

झऱ्यावर मेहुण्याची चड्डी साहेबांच्या नशिबी आली, कारण घाईत पिशवीत तीच पडली होती. तिच्यावर हसरे मासे होते. एका जबाबदार सरकारी अधिकाऱ्यानं अशा चड्डीत, कमरेभोवती ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब, ट्यूबला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक मामांच्या हातात, अशा थाटात पायऱ्या उतराव्यात, हे कुठल्या सेवानियमात बसतं? कोच तोंडावर हात धरून पलीकडे बघत होती. मामा तसं काही करत नव्हते, ते सरळ हसत होते.

"छातीपर्यंत आलं की नोंद करतो," मामा म्हणाले. "या, या. अजून दोन पायऱ्या."

पाणी थंडगार होतं. साहेब गुडघ्यापर्यंत गेले, मांड्यांपर्यंत गेले, आणि तिथं खांबासारखे उभे राहिले. सिस्टर शेजारी पाण्यात होती, पाठीवर टाकी, कपाळावर चष्मा. ती त्यांच्याकडे बघत होती, थिएटरमध्ये पेशंटकडे बघते तशी.

"ऐक," साहेब म्हणाले, आणि मग सगळं एका दमात बाहेर पडलं. "चोवीस तारखेला अकरा नव्हतं. तेवीस होतं. मी खोटं सांगितलं. तू खाली गेलीस आणि वर आली नाहीस तर, एवढंच माझ्या डोक्यात. दुसरं काहीच नव्हतं गं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तेवीस होतं ते. मामांना मीही रोज फोन करते. तुमच्याआधी पाच मिनिटं."

मामांनी वर आभाळात कुठेतरी बघितलं.

"मग बोलली का नाहीस?" साहेबांचा आवाज फाटला. "तुझा दिवस गेला की माझ्यामुळं! आज गढूळ असतं तर?"

"तर मी तुमच्याशी जन्मभर बोलले नसते," सिस्टर म्हणाली, आणि ते तिनं अगदी खरं म्हटलं होतं. "राग आला होता. अजून आहे. पण अहो, तीस वर्षं मी थिएटरच्या दाराबाहेर बसलेली माणसं बघतेय. आत कापतात दुसऱ्याला आणि मरतो हा बाहेरचा. आत काय चाललंय ते दिसत नाही ना त्याला. मी झऱ्यात उतरायचं म्हटलं, त्या दिवशीच तुमचं तोंड तसं झालं होतं. तिथं दारं उघडायची मला परवानगी नाही. इथं होती. म्हणून सत्तावीसच्या अर्जावर तुमचं नाव घातलं, आणि म्हणूनच चोवीसला गप्प राहिले." तिनं आपला जादा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि पट्टा कानामागं नीट बसवला, श्वास घ्यायची वाकडी नळी हातात दिली. "तोंड पाण्यात घालून बघत राहा. नळीतनं श्वास घ्या. दिसत राहीन मी."

साहेब उरलेल्या दोन पायऱ्या कसे उतरले ते त्यांनाही आठवत नाही. "धारक उतरले!" मामांनी ओरडून वहीत लिहिलं. कोचनं 'खाली जाऊ या' अशी खूण म्हणून अंगठा खाली केला, सिस्टरनंही केला, आणि दोघी पाण्याखाली गेल्या.

साहेब ट्यूबवर ओणवे झाले, आणि मामांनी दोरी सैल सोडली तसे तरंगत डोहाच्या मधे गेले. एकदा डोळे मिटून घेतले. मग तोंड पाण्यात घातलं आणि डोळे उघडले.

आणि अहाहा! पाणी नव्हतंच तिथं. निळी हवा होती नुसती, आणि तिच्या तळाशी पांढरी वाळू, आणि वाळूतून फुरफुर करत झरा वर येत होता. त्या सगळ्याच्या मधोमध त्यांची बायको, जिला घरात जिना उतरताना कठडा धरावा लागतो, ती पाय हलके हलके हलवत वाऱ्यावरच्या पिसासारखी चालली होती. गुडघा नाही, वय नाही, काही नाही. ती तळाशी पोचली. उताणी झाली आणि वर बघून तिनं हात हलवला. साहेबांनी हात हलवला. तिनं दोन्ही हात हलवले. साहेबांनीही दोन्ही हलवले, त्यामुळे ट्यूब कलंडली, साहेबांच्या नळीत पाणी गेलं, मामांनी दोरी ओढली, साहेब खोकले, शिंकले, "ओढू नका हो!" म्हणून मामांवर खेकसले, आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं. मग तिचे बुडबुडे वर आले. रुपयाएवढे, बशीएवढे, थरथरत, एकामागून एक, ते येऊन साहेबांच्या पोटावर फुटायला लागले. साहेबांना गुदगुल्या झाल्या. नळीतून जो आवाज आला तो काठावरच्या मामांना आधी रडण्याचा वाटला, मग त्यांच्या लक्षात आलं की साहेब खिदळतायत.

वीस मिनिटांची बावीस झाली. सिस्टर वर आली, चष्मा काढला, आणि पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडली आणि रडता रडता हसली. कोचनं तिथंच ओल्या हातानं प्रमाणपत्रावर सही केली. मामांनी टाळ्या वाजवल्या.

"चला आता बाहेर," सिस्टर नाक पुसत म्हणाली. "ओठ निळे पडलेत तुमचे."

साहेब डोहाच्या मधोमध होते. त्यांनी तोंड वर काढलं.

"परवाना सूर्यास्तापर्यंतचा आहे," ते म्हणाले.

"अहो, पण झाली ना बुडी!"

"सोबत्याची झाली. धारकाची नाही झाली." आणि तिकडे मामा दोरी ओढायला लागले, कोच शिट्टी वाजवायला लागली, सिस्टर पायरीवरून "अहो, या ना!" म्हणून हाका मारायला लागली, तरी काटेसाहेबांनी आपलं तोंड पुन्हा पाण्यात घातलं. पाण्यावर नुसते ते हसरे मासे तेवढे दिसत राहिले.